मध्ययुगात जगण्याच्या टिप्स

'मेडिव्हल डायनॅस्टी' खेळायला घेणाऱ्याला जुने खेळाडू पहिला सल्ला देतात तो असा: वाटेत दिसेल तो दगड आणि दिसेल ती काटकी उचला, त्यांच्या दगडी सुऱ्या करा आणि शेजारच्या गावांत नेऊन विका. कच्चा माल फुकटचा, गिऱ्हाईक ठरलेलं आणि हाती पहिल्या बियाण्यापुरते पैसे. दुसरा सल्ला म्हणजे घर पाण्याजवळ बांधा. तिसरा, माणसं गोळा करण्याआधी त्यांच्या अन्नाची आणि सरपणाची सोय करा. यादी अशी पुढे वाढत जाते. मी हा खेळ बरीच वर्षं अधूनमधून खेळते आहे आणि त्याच्या टिप्सही तितक्याच आवडीनं वाचते आहे. पाककृतीचं पुस्तक काही जण स्वयंपाक न करता नुसतं वाचतात, तसंच काहीसं.

टिप्स हा लेखनप्रकार आपण समीक्षेच्या लायकीचा मानत नाही. खेळांबद्दल गंभीरपणे लिहायचं तर कथानकावर लिहावं, दृश्यांवर, संगीतावर, इतिहासाशी इमान राखण्यावर लिहावं, असा रिवाज आहे. पण खेळ खरोखर कशाला बक्षीस देतो आणि कशाकडे काणाडोळा करतो, हे ट्रेलरमधून कळत नाही. ते शेकडो तास घालवलेला माणूस नवख्याला काय सांगतो त्यातून कळतं. टिप म्हणजे नियमांचा अर्क. म्हणून या खेळाची समीक्षा मला त्याच्या टिप्सच्या वाटेनं करायची आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की, या सल्ल्यांमध्ये एका टप्प्यावर बोलणारा माणूस बदलतो आणि तो बदल आपल्या लक्षात येत नाही.

सुरुवातीचा माणूस

खेळ पोलंडच्या रेंडर क्यूब या स्टुडिओचा. सप्टेंबर 2020मध्ये तो अपुऱ्या स्वरूपात आणि सप्टेंबर 2021मध्ये पूर्ण होऊन बाजारात आला. नायक रासिमिर अठरा वर्षांचा आहे. युद्धात घरचे गेले, म्हणून काकाच्या आसऱ्याला एका खोऱ्यात येतो आणि काकाही आता हयात नाही असं त्याला कळतं. गावचा कारभारी उनिगोस्त त्याला घर बांधायची परवानगी देतो. एवढं झालं की खेळ तुमच्या हाती.

पहिल्या वर्षाच्या टिप्स वाचताना मजा येते, कारण त्यांत शरीर आहे. भूक लागली तर बोरीसारखी जंगली फळं खा, पण कुठलंही मशरूम तोंडात टाकू नका. ओझं वाढलं की चाल मंदावते, तेव्हा ओंडके घराजवळच तोडा. हिवाळ्यात अंगावर ऊबदार कपडे नसतील तर शेकोटीपासून फार लांब जाऊ नका. लांडग्याला पाहून धावलात तर दम आधी तुमचा जाईल. भिंत आधी कुडाची, छप्पर आधी गवताचं, नंतर ऐपतीप्रमाणे लाकूड आणि दगड. हे सगळं एका हातावर पोट असलेल्या माणसाचं ज्ञान आहे. यात दिवस किती मोठा आहे, अंगात किती ताकद आहे आणि घर किती लांब आहे, यांचाच हिशोब असतो.

या भागात खेळ खरंच चांगला आहे. झाड तोडताना कुऱ्हाडीचे घाव मोजावे लागतात, छपरावर एकेक पेंढी चढवावी लागते. कुदळीनं जमीन उकरणं, खत टाकणं, पेरणं, विळ्यानं कापणं, झोडपणं, या साखळीतली एकही कडी गाळता येत नाही. खत हवं तर डुकरं पाळा, नाहीतर नासलेलं अन्न टाकू नका, त्याचं खत होतं. ही टिप मला फार आवडते. नासलेल्या पदार्थाला किंमत देणारे खेळ फार नाहीत.

वहीतलं गाव

साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी टिप्सची भाषा बदलते. तोवर तुमच्या गावात दहा-बारा माणसं आलेली असतात. आता सल्ले असे येतात: माणसाला गावात बोलवण्याआधी त्याचे आकडे पाहा. प्रत्येकाला उत्खनन, शिकार, शेती, उत्पादन वगैरे कौशल्यांचे अंक असतात, त्यात तुम्हाला हवा तो अंक चांगला असेल तरच बोलणी करा. बाकीच्यांशी बोलण्यात वेळ घालवू नका. व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन प्रत्येक कामगाराचा वेळ कोणत्या मालावर किती टक्के खर्च व्हावा ते ठरवा. कोठारात अवजारं संपली की काम थांबतं, तेव्हा लोहाराला त्यावर लावा. खुशीचा आकडा घसरू देऊ नका, शून्याला गेला की माणूस गाव सोडतो.

हे सल्ले चूक नाहीत. ते पाळले नाहीत तर गाव डबघाईला येतं, मी आणून पाहिलं आहे. पण यात आता शरीर नाही. बोलणारा माणूस शेतात उभा नाही, तो वही घेऊन झाडाखाली बसला आहे. आपल्याकडे त्याला नाव आहे: मुकादम. कुणालाही न विचारता, कुणालाही न दुखवता, खेळानं शेतमजुराला मुकादम करून टाकलं.

आणि मजुरी? ती नाहीच. गावकऱ्यांना अन्न, सरपण आणि डोक्यावर छप्पर हवं, पैसे त्यांना द्यावे लागत नाहीत. ते कधी मागतही नाहीत. मराठी वाचकाला इथे सालगडी आठवेल, पण सालगड्याची सुद्धा पाडव्याला बोली होते, साल ठरतं, उचल घेतली जाते, पटलं नाही तर तो दुसऱ्याच्या बांधावर जातो. या खेळातला गडी पोटावर राबतो आणि राबण्यात खूश असतो. टिप्स लिहिणारे यावर कधी अडखळत नाहीत, कारण खेळानं अडखळायला जागाच ठेवलेली नाही. 'कामगार आनंदी ठेवा' हा सल्ला प्रेमळ वाटतो. पण त्यातलं आनंदी राहणं उत्पादनाच्या कामाचं आहे म्हणून ठेवायचं आहे.

आणखी एक साम्य चटकन सुचतं, ते बलुत्याचं. खेळातला लोहार कोठारात कोयते-कुऱ्हाडी टाकतो, त्याच कोठाराच्या शेजारच्या अन्नभांडारातून जेवतो, मध्ये नाणं येत नाही. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'ची (1915) ओळख असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. पण साम्य इथेच संपतं. खेळात लोहाराला आज भात्यावरून काढून उद्या शेतावर लावता येतं, त्यासाठी एक टिचकी पुरते. बलुत्यात माणूस जन्मानं कामाला बांधलेला होता आणि मानाची उतरंड त्या कामातच होती. युरोपातल्या कुळालाही धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे मोजावे लागत, दळण त्याच्याच गिरणीत न्यावं लागे. खेळातलं मध्ययुग म्हणजे या सगळ्यातून कष्ट ठेवून उतरंड वजा केलेलं युग आहे. उरते ती एकच उतरंड: वही असलेला आणि वहीत असलेला.

हे नवं नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल की आजच्या कार्यालयीन मनाची ही मध्ययुगावर लादलेली सावली आहे. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण खऱ्या मध्ययुगातल्या टिप्स काढून पाहिल्या तर गंमत दिसते. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये वॉल्टर ऑफ हेन्ली नावाच्या माणसानं शेतीच्या कारभारावर एक छोटा ग्रंथ लिहिला, तिथल्या वरच्या वर्गाच्या फ्रेंचमध्ये. त्यातला सल्ला अगदी आजच्या टिप्ससारखा आहे. नांगराला घोडा जुंपावा की बैल? बैल, कारण त्याला खायला कमी खर्च येतो आणि म्हातारा झाला की खाताही येतो. बियाणं दुसऱ्या जमिनीवरचं आणा, घरच्यापेक्षा ते जास्त देतं. कारभाऱ्याचे हिशोब तपासा. दिवसाला किती नांगरट व्हायला हवी ते आधी मोजून ठेवा, म्हणजे नोकरांना फसवता येणार नाही.

हा सल्ला जमीनमालकासाठी होता. ज्यानं नांगर धरला त्याला फ्रेंच येत नव्हती आणि बहुधा कुठलीच भाषा वाचता येत नव्हती. त्यामुळे शेतीचं लिखित मध्ययुग बरंचसं वहीवाल्यांनी लिहिलेलं आहे. तेव्हा 'मेडिव्हल डायनॅस्टी' इतिहासाशी बेइमान आहे असं नाही म्हणता येणार. ती एका विशिष्ट कागदपत्राशी इमानदार आहे, मालकाच्या. प्रश्न फक्त इतकाच की, खेळ आपल्याला सांगतो की आपण रासिमिर आहोत, कुडाच्या झोपडीतला निर्वासित पोरगा. आपण मात्र हळूहळू हेन्लीचे वाचक होत जातो.

वहीत न आलेलं ज्ञानही असतं. मराठीत सहदेव-भाडळीच्या नावानं पावसापाण्याची, नक्षत्रांची वचनं तोंडोतोंडी चालत आली. त्यांचा रोख बघा: किती पिकवावं हे ती फारशी सांगत नाहीत, केव्हा पेरावं आणि कशावर विश्वास ठेवू नये हे सांगतात. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीशी कसं वागावं, असा तो सल्ला आहे. या खेळाच्या टिप्समध्ये हा प्रकार जवळजवळ सापडत नाही, कारण खेळात पाऊस पडतो पण पिकाचं काही बिघडवत नाही. ऋतू येतात ते वेळापत्रकासारखे. गहू शरदात पेरला की ठरल्या वेळी येणार म्हणजे येणार.

खऱ्या मध्ययुगाचं गणित याच ठिकाणी निर्दय होतं. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गव्हाचा एक दाणा पेरला तर तीन-चार हाती लागत. त्यातला एक पुढच्या वर्षासाठी बाजूला काढायचा, धन्याचा आणि चर्चचा वाटा द्यायचा, उरेल ते खायचं. 1315 ते 1317मध्ये उत्तर युरोपात पावसानं सलग पिकं कुजवली तेव्हा बियाण्याचा दाणाही खाल्ला गेला, आणि बियाणं खाल्लं म्हणजे पुढचं सालही खाल्लं. माझी आजी ज्वारीचं बियाणं कडुलिंबाचा पाला घालून वेगळ्या कणगीत ठेवायची आणि घरात कितीही तंगी आली तरी तिकडे कुणी बघायचं नाही, असा नियम होता. खेळात पहिली एक-दोन वर्षं सरली की बियाण्याची चिंता संपते. बियाणं आणि अन्न यांतली ती भिंत, जी शेतकऱ्याच्या मनात सतत उभी असते, ती खेळात नाही. म्हणून टिप्सनाही तिची आठवण नाही.

दोन शेजारी

तुलनेला दोन खेळ घेते. 'द सिम्स मेडिव्हल' (2011) मध्ये तुम्ही राजा, वैद्य, हेर, भाट अशी पात्रं चालवता. प्रत्येकाला रोजची दोन कर्तव्यं असतात आणि ती टाळत राहिलात तर पात्राला चौकात खोड्यात अडकवतात. टिप अर्थातच 'सकाळी आधी कर्तव्यं उरका' अशी आहे. पण या खेळात एक खट्याळ प्रामाणिकपणा आहे. त्यातले लोक एका निरीक्षक देवाला मानतात आणि तो देव म्हणजे पडद्यासमोर बसलेले तुम्ही. त्याच देवाबद्दल दोन धर्मपंथांचं वाजलेलं आहे. म्हणजे वरून बघणाऱ्याची नजर खेळात लपवलेली नाही, तिचं देऊळ बांधलं आहे. शिवाय प्रत्येक पात्रात एक घातक दोष निवडावाच लागतो: दारूबाज, भित्रा, क्रूर. टिप्स लिहिणारे कमी त्रासाचा दोष कुठला ते सांगतात, मी मात्र जास्त त्रासाचा घेते. दारूबाज वैद्यानं जळवा लावायला जाण्याआधी गुत्त्यात जाणं, यात त्या खेळाचं सगळं सुख आहे.

दुसरा, 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (2018), 1403च्या बोहेमियातला. नायक हेन्री लोहाराचा मुलगा आहे आणि त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटीसुलटी झालेली दिसतात. तिथली लोकप्रिय टिप आहे: लवकरात लवकर त्या गावच्या लेखनिकाकडे जा आणि अक्षरओळख करून घ्या. ही टिप मला या तिन्ही खेळांतली सर्वांत चांगली वाटते. ती खेळाडूला सोय सांगते, पण त्यासाठी एका निरक्षर माणसाच्या जागी उभं राहायला लावते. वही वाचता न येण्याचा अनुभव दिल्याशिवाय हा खेळ वही हातात देत नाही.

वारस

असं असूनही मी 'मेडिव्हल डायनॅस्टी'कडेच परत जाते, आणि त्याचं कारण नावातल्या दुसऱ्या शब्दात आहे. या खेळात नायक म्हातारा होतो आणि मरतो. वारस अठरा वर्षांचा झालेला असेल तर खेळ त्याच्या हाती जातो, नसेल तर संपतो. जगण्याची नक्कल करणारे खेळ पुष्कळ आहेत, पण आपण मांडलेला संसार दुसऱ्याच्या हवाली करून जावं लागणं फार थोड्या खेळांत आहे.

आता टिप्स या गोष्टीचं काय करतात पाहा. बायको निवडताना तिचं कौशल्य बघा. बाळंतपणानंतर ती दोन वर्षं काम करत नाही, तेव्हा तिला गावाचं अडेल असं काम देऊ नका. मुलाशी बोलत राहा, नाहीतर वारस नाराज होतो. यातला मधला सल्ला मला विचारात पाडतो. खऱ्या मध्ययुगातल्या शेतकरी बाईला दोन वर्षांची सुट्टी स्वप्नातही मिळाली नसती, आपल्या उसाच्या फडात आजही मिळत नाही. बनवणाऱ्यांनी ही सुट्टी दिली, ती चांगल्या मनानं दिली असेल. पण टिप्सच्या वहीत तिची नोंद 'कामगार कमी' अशी होते. खोऱ्याच्या मूळ नकाशात तुम्ही पुरुषच असता, त्यामुळे ही वही बराच काळ नवऱ्याच्या हातात होती. डिसेंबर 2023मध्ये ऑक्सबो हा नवा नकाशा आणि चौघांनी मिळून खेळण्याची सोय आली, तिथे बाई म्हणून खेळता येतं.

आणि मग ती सर्वांत जास्त दिली जाणारी टिप: ऋतूचे दिवस वाढवा. मुळात एक ऋतू तीन दिवसांचा, म्हणजे वर्ष बारा दिवसांचं. हे फार घाईचं होतं, काही धड जमत नाही, म्हणून ऋतू दहा दिवसांचा करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. माझा या टिपेला ठाम विरोध आहे आणि त्याला गणिताचा आधार आहे. बारा दिवसांच्या वर्षात मूल अठराचं व्हायला 216 दिवस लागतात. चाळीस दिवसांच्या वर्षात 720. तेवढं खेळणारे विरळा. म्हणजे दिवस वाढवलेत की तुमचा रासिमिर जवळपास कायमचा तरणाच राहतो. पैसा वाढतो, घरं दगडाची होतात, कर भरायला भरपूर अवधी मिळतो, फक्त घराणं म्हणून जे काही होतं ते कधीच घडत नाही. खेळाच्या पाटीवरचा शब्द तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलेला असतो.

तीन दिवसांचा ऋतू त्रासदायक आहे हे खरं. पेरणी अर्धी राहते, हिवाळा दारात येतो आणि छप्पर अपुरं असतं. पण त्या त्रासातच सुरुवातीचं ते शरीर परत येतं. मुकादमालाही उठून कोयता धरावा लागतो, कारण नाहीतर पीक उभं राहील. अशा वर्षात वहीवरचे आकडे बघायला सवड नसते आणि कुणाच्या शेतीचा अंक किती हे आठवत नाही, कोण शेजारी कापत होता एवढं आठवतं.

माझ्या टिप्स

समीक्षकानं नुसती नावं ठेवू नयेत, म्हणून माझ्याकडून थोड्या. दिवस तीनच ठेवा. पहिला गावकरी अंक पाहून न निवडता जो आधी बोलायला थांबेल त्याला घ्या, गाव थोडं हळू वाढेल, बुडणार नाही. कोठारातली एक पेटी बियाण्यासाठी वेगळी ठेवा आणि काही झालं तरी तिला हात लावू नका. खेळ तुम्हाला यासाठी काही देणार नाही, पण कोठाराकडे बघण्याची तुमची नजर बदलेल. वर्षातून एक ऋतू तरी व्यवस्थापनाचं पान न उघडता काढा आणि कुणा एका गावकऱ्याच्या मागे दिवसभर चाला, सकाळी तो घरातून निघतो तिथपासून. दगडी सुऱ्या मात्र जरूर विका. तो सल्ला उत्तम आहे. तो देणाऱ्याच्या हाताला त्या वेळी अजून घट्टे होते.

आणि रासिमिर चाळिशीकडे झुकला की एकदा पोराला बरोबर घेऊन शेतावर जा. त्याला गावातलं प्रत्येक घर तुम्ही कुठल्या साली बांधलं हे कधीच कळणार नाही. त्याच्यासाठी ते आधीपासून होतंच. पुढच्या वर्षी कर त्याला भरायचा आहे, आणि कुडाच्या त्या पहिल्या घराचं छप्पर एव्हाना गळायला लागलं असेल. ते पाडून दगडाचं बांधायचं की शाकारायचं, हे तुम्ही ठरवू नका. त्याच्यावर सोडा.